आईचं मशीन, पाच फुटी पाईप आणि टार्पचं कापड

१८ मे, रात्र

आज शेवटी टार्पचं, म्हणजे मुक्कामाला डोक्यावर बांधायच्या छताचं, कापड ठरलं. तीन आठवडे डोक्यात तेच चालू होतं.

मागच्या ऑगस्टमध्ये राजमाचीला उधेवाडीत राहिलो होतो तेव्हा आमची निळी ताडपत्री होती, नेहमीची दुकानातली. पाणी तिच्यातून आलं नाही, पण रात्री वारा सुटला आणि कोपऱ्यातलं आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी) कापडासकट फाटून निघालं, मग आम्ही चौघं पहाटेपर्यंत एक बाजू हातात धरून बसलो. शेजारच्या ग्रुपचा टार्प नायलॉनचा, मस्त हलका, पण नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, बिचारे दोनदा उठून दोऱ्या ताणत होते आणि मधे झोळ झाला की त्यात पाणी साठायचंच. तेव्हाच ठरवलं, पुढच्या पावसाळ्यात लेकीला पहिल्यांदा मुक्कामाला न्यायचं तर टार्प घरी शिवायचा आणि कापड स्वतः बघून घ्यायचं.

रविवार पेठेत दोन चकरा झाल्या. दुकानात वॉटरप्रूफ म्हटलं की सगळेच हो म्हणतात. पातळ सरसरीत काही असलं की ते पॅराशूट कापड, जाड असलं की बॅगेचं कापड. डेनियर विचारला की बॅगवाले लगेच सांगतात, २१० डेनियर ऑक्सफर्ड, ४२० डेनियर वगैरे, पण डेनियर म्हणजे फक्त सुताची जाडी, ९००० मीटर सुताचं वजन किती ग्रॅम भरतं ते. पाणी थांबणार की नाही ते मागच्या कोटिंगवर ठरतं. म्हणून मी कापड उलटं करून बघायला लागले, बोटाने चोळून, तोंडाला लावून फुंकर मारून. फुंकर आरपार गेली की ते कापड बाजूला.

सिलिकॉन लावलेलं रिपस्टॉपही (फाटत जाऊ नये म्हणून चौकटीत जाड धागे विणलेलं कापड) बघितलं, ३० डेनियरचं, ऑनलाइन. फार हलकं असतं आणि सिलिकॉन धाग्यात मुरलेलं असल्याने टिकतंही जास्त. पण मी बघितलं ते नायलॉनच होतं, म्हणजे पुन्हा झोळ, आणि सिलिकॉनवर शिवणीची टेप चिकटत नाही, शिवण बंद करायला सिलिकॉनच पातळ करून ब्रशने लावत बसायचं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच्या, कोटिंगवर टेप इस्त्रीने बसते. पीयूचं दुखणं वेगळं, ओलं घडी करून ठेवलं की काही वर्षांनी चिकट होतं, वास मारतं, पापुद्रे सुटतात, मित्राच्या तंबूचं तेच झालं. पण वाळवूनच ठेवायचं हे माझ्या हातात आहे, पावसात नायलॉन ताणलं जाणं माझ्या हातात नाही.

तर तीन नमुने आणले, फूट फूटभर. आधी तांब्याच्या तोंडाला कापड बांधून तांब्या उलटा केला, तिन्ही पास! मग लक्षात आलं की तांब्यात पाणी जेमतेम १५ सेंटीमीटर, आणि लेबलवर १५०० एमएम लिहितात म्हणजे दीड मीटर उंच पाण्याचा दाब. मग सरळ पाच फुटाचा पीव्हीसी पाईप आणला, दीड मीटर होतोच तो, गॅलरीच्या ग्रिलला उभा बांधला, खालच्या तोंडाला कापड, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून क्लॅम्प आवळला, खाली पेपर अंथरला, आणि लेक स्टुलावर उभी राहून मगाने वरून पाणी ओतत होती.

पॅराशूटवालं पाणी गुडघ्यापर्यंत आलं तिथेच गेलं. धार नाही, आधी कापडाला घाम फुटल्यासारखं झालं, मग टपटप. २१० डेनियर ऑक्सफर्ड काठोकाठ भरूनही कोरडं, पण ते चौरस मीटरला १२० ग्रॅमच्या आसपास, आणि १० बाय १० फुटाच्या टार्पला साधारण सव्वानऊ चौरस मीटर लागतं, म्हणजे कापडच किलोच्या वर. तिसरं १९० टी (एका चौरस इंचात १९० धागे) पॉलिस्टर टाफेटा, रेनकोटचं, मागे पांढरं पीयू, हे ७५ ग्रॅमच्या जवळपास. एक तास भरून ठेवलं, कोरडं. मग ते काढून धुणं चोळतो तसं पाच मिनिटं चोळलं, कारण सॅकमध्ये कोंबून कोंबून त्याचं हेच होणार, आणि पुन्हा लावलं. अर्ध्या तासाने घडीवर एक थेंब आला, मोहरीएवढा. पाणी तीन फुटांवर आणलं तर तो तिथेच राहिला, खाली पडला नाही. मला एवढं पुरे आहे. टार्प उतरता बांधायचा असतो, त्यावर पाच फूट पाणी कुठे उभं राहतंय.

आई हे सगळं बघत होती. तिचे वडील पावसात घोंगडीची खोळ घेऊन आवणीला जायचे, ती सांगते की पाणी आत यायला खूप वेळ लागायचा पण घोंगडी भिजली की उचलवायची नाही. मग तिने नमुना हातात घेतला, खिडकीतल्या उजेडात धरला आणि म्हणाली, "टाचण्या लावू नकोस गं, याचं भोक बुजत नाही. वाळत घालायचे चिमटे लाव. आणि टाका मोठा ठेव, बारीक टाक्याने हे पोस्टाच्या तिकिटासारखं फाटेल." मी इतकं वाचलं होतं, टाक्याच्या लांबीचा विचारच केला नव्हता.

पन्हा ५८ इंच आहे, म्हणजे दोन पट्टे मधे जोडायचे, जीन्सच्या पायाला असते तशी दुमडून डबल शिवण, वरून टेप. रुंदी साडेनऊ फूट भरेल, चालेल. शिवण नेमकी कण्यावर, म्हणजे टार्पच्या मधल्या उंच रेषेवर येते, दोन्हीकडे उतार, तिथे पाणी थांबत नाही. कोपऱ्यांना आयलेट अजिबात नाही. ऑक्सफर्डचे तिकोनी ठिगळ आणि निवारपट्टीचे फास, ओढ सगळ्या ठिगळावर वाटली जाईल. त्यासाठी ऑक्सफर्ड अर्धा मीटर, आणि टाफेटा साडेसहा मीटर. धागा पॉलिस्टरचाच, सुती कुजतो. मशीनला नवी १४ नंबरची सुई.

रंग लेकीने निवडला, पोपटी. मला राखाडी हवा होता पण तिचं म्हणणं लांबून आपला दिसला पाहिजे. उद्या दुकान उघडायच्या आत पोचायचं आहे, त्या ताग्यात किती उरलंय माहीत नाही.