साइक्स आडनावाच्या गर्दीतला एक शिपाई

पूर्वजांचा शोध घेऊन द्या म्हणून येणारी माणसं बहुधा उत्तर ठरवूनच येतात. मूळच्या पुण्याच्या, आता ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या या अँग्लो-इंडियन कुटुंबाचंही तसंच होतं. आडनाव साइक्स, पूर्वज लष्करात, पहिलं नावही जुळणारं. तेव्हा आम्ही कर्नल साइक्सांचे वंशज. कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांना १८२४ मध्ये मुंबई सरकारने दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीवर नेमलं होतं. पक्षिनिरीक्षकांना ते ‘साइक्स लार्क’ या चंडोलामुळे माहीत असतात. कागद मात्र एका साध्या शिपायाचे निघाले.

सुरुवात ब्रिटिश लायब्ररीच्या एन/३ मालिकेपासून केली. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या विलायतेला धाडलेल्या नकला तिच्यात आहेत. लग्नाच्या नोंदीत नवरदेवाच्या वडिलांचं नाव सापडलं. इंग्लंडमधलं गाव त्या नोंदीत सहसा नसतं, इथेही नव्हतं. गावासाठी लंडनजवळच्या क्यूमधल्या नॅशनल आर्काइव्ह्जची डब्ल्यूओ ९७ मालिका पाहावी लागते. पेन्शनवर सुटलेल्या शिपायांचे कागद ते. जन्माचा पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख), जवळचं शहर, काउंटी आणि भरतीपूर्वीचा धंदा असं सगळं त्यांच्या पहिल्याच पानावर असतं. आमच्या शिपायाचा पॅरिश आल्मंडबरी, शहर हडर्सफील्ड, काउंटी यॉर्कशर आणि धंदा विणकर.

गाव सापडलं की काम संपलं असं लोकांना वाटतं. हा साइक्स केंटमध्ये जन्मला असता तर खरंच संपलं असतं. पण साइक म्हणजे शेताच्या कडेने वाहणारा लहानसा ओहोळ, आणि हे आडनाव मूळचं याच डोंगराळ पट्ट्यातलं. ते जिथलं आहे तिथेच माणूस शोधणं सर्वांत जड जातं, कारण एकाच नावाचे ढीगभर साइक्स. शिवाय जुना आल्मंडबरी पॅरिश म्हणजे एक गाव नव्हे. हॉनली, मेल्टम, लिंथवेट हे सगळं त्यातच.

सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली आणि हा त्याआधीचा. त्यामुळे भिस्त चर्चच्या रजिस्टरांवर. १८१३ पासून ती छापील नमुन्यात आहेत, बाप्तिस्म्याच्या एका पानावर आठ नोंदी. वस्ती आणि बापाचा धंदा हे दोन रकाने नसते तर हात टेकावे लागले असते. भरतीच्या कागदावरच्या वयावर विसंबू नये. अलीकडे-पलीकडे तीन-तीन वर्षं धरून त्या नावाची सगळी मुलं काढायची आणि मग एकेकाला बाद करायचं. एक तान्हेपणीच दफनाच्या नोंदीत सापडला. दुसरा १८५१ च्या जनगणनेत लिंथवेटला हातमागावर बसलेला; आमचा तेव्हा हिंदुस्थानात होता. १८४१ ची जनगणना इथे फारशी उपयोगी नाही, तिच्यात पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिली आहेत. उरलेल्या दोघांचे बापही एकाच नावाचे. त्या खोऱ्यात लोक ‘बिलचा टॉम’ अशा नावांनी ओळख पटवत, आपल्याकडच्या ‘गणूचा पांडू’सारखं, पण पाद्र्याने ते रजिस्टरात लिहिलं तर ना! शेवटी बापाच्या धंद्याने निकाल लागला. लष्करी लग्नाच्या नोंदीवरच्या वडिलांच्या नावापुढे ‘विणकर’ होतं, आणि दोघांपैकी एकाचा बाप दगडखाणीत.

तरी एक फट राहतेच. या भागात बॅप्टिस्ट, म्हणजे सरकारमान्य चर्चपासून वेगळा पंथ मानणारे, पुष्कळ, सॅलेंडाइन नूकचं त्यांचं चॅपेल जुनं. ते तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत, त्यामुळे त्यांची मुलं पॅरिशच्या रजिस्टरात नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून अशा वेगळ्या पंथांच्या रजिस्टरांची क्यूमधली आरजी ४ मालिका चाळल्याशिवाय नातं पक्कं लिहायचं नाही.

मग कुटुंबाने डीएनएचा आग्रह धरला. ओहोळ गावोगाव, म्हणून या आडनावाचे मूळपुरुषही अनेक, असा जुना समज होता. ऑक्सफर्डचे आनुवंशिकीतज्ज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० मध्ये ४८ साइक्स पुरुषांचं, फक्त बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासलं, तर जवळजवळ निम्म्यांचा नमुना एकच. तेव्हा गुणसूत्रावरच्या चारच खुणा, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या जागा, तपासल्या होत्या. आता ३७ किंवा १११ तपासतात. साखळी बाप-मुलगा अशीच हवी, भाचा चालत नाही. पण या आडनावात जुळणीचा मोह मोठा. ब्रॅडफर्डकडच्या कर्नलच्या घराण्याशी नमुना उद्या जुळला, तरी सामाईक पूर्वज चौदाव्या शतकातलाही असू शकतो. १३७९ च्या डोईपट्टीच्या, म्हणजे माणशी कराच्या, वेस्ट रायडिंगमधल्या (यॉर्कशरच्या या पश्चिम भागातल्या) याद्या टिकल्या आहेत, पण पॅरिशची रजिस्टरं १५३८ च्या आधीची नाहीत. मधली दीडशे वर्षं साध्या विणकराच्या घरासाठी बहुतेक कोरीच.

अहवालात शिपायाचा बाप आणि आजोबा पुराव्यासह दिले. कर्नलच्या रकान्यात ‘नातं सिद्ध नाही’ एवढंच लिहिलं, आणि चाचणी करायचीच असेल तर निदान ३७ खुणांची करा, असं सुचवलं.