एका आकड्यासाठी पाच आठवडे

एरंडवण्यातलं आमचं घर आजोबांच्या वेळचं. दगडी जोतं, सागवानी वासे, वर मंगलोरी कौलं. गेल्या पावसाळ्यात माजघरात तीन बादल्या आणि एक परात मांडली, तेव्हाच ठरलं की आता नुसती कौलं चाळून भागणार नाही. छप्पर उतरवायचं, रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या, नव्या मारायच्या.

तेवढ्यात दादा हिमाचलातल्या धरमशालेला जाऊन आला. तिथली खनियाऱ्याच्या स्लेटची, म्हणजे आपल्या पाटीच्या दगडाची, छपरं बघून त्याच्या डोक्यात भूत शिरलं. "चांगली स्लेट शंभर वर्षं टिकते." खोटं नव्हतं त्याचं. घर दोघांच्या नावावर, त्यामुळे इंजिनिअरांना विचारणं भाग होतं. त्यांनी एकच गोष्ट मागितली: चौरस मीटरला किती किलो वजन येणार ते लेखी आणा, मग वासे पेलतील की नाही सांगतो.

आणि इथे आम्ही रुतलो.

स्लेटवाला फोनवर गोड. "ताई, कौलापेक्षा हलकी पडते." मग लिहून द्या. "देतो ना, सोमवारी." सोमवारी शेठ बाहेरगावी. पुढच्या आठवड्यात माल बघणारा माणूस रजेवर. मग व्हॉट्सअ‍ॅपवर बर्फाने झाकलेल्या एका चर्चचा फोटो आला, खाली "आपला माल". मी वजन विचारलं होतं हो! बर्फाचं नव्हे. एप्रिल संपला, मे अर्धा गेला, सुतारमामा रोज विचारायचे, "ताई, रिपा किती अंतरावर मारू?" कौलांच्या रिपा वेगळ्या अंतरावर, स्लेटच्या वेगळ्या. म्हणजे काम तिथेच ठप्प. पाचव्या आठवड्यात चिठ्ठी आली: २७ किलो. मी आनंदाने नाचत इंजिनिअरांकडे. त्यांनी चष्मा वर केला. "हे जमिनीवर अंथरल्याचं वजन आहे. छपरावर स्लेट एकावर एक चढते."

घरी येऊन रागारागाने कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याचा काटा मागून आणला. नमुन्याची पाटी १६ बाय ८ इंच, जाडी १० मिलिमीटर. भरली सव्वादोन किलो. तीन इंच दाब धरला, म्हणजे पाटी दोन ओळी खालच्या पाटीवरही तीन इंच चढवली, तर १६ इंचांतली साडेसहाच इंच उघडी राहते, बाकीची वरच्या पाट्यांखाली. म्हणजे चौरस मीटरला १२ नव्हे, ३० पाट्या. साडेसदुसष्ट किलो! आमचं कौल २ किलो ६०० ग्रॅम, चौरस मीटरला १५ लागतात, ३९ किलो. रात्रभर बादलीत बुडवून पुन्हा तोललं, कारण कौल पाणी पितं आणि पावसाळ्यात तेच वजन खरं. तरी ४४ च्या वर गेलं नाही. पाच आठवडे ज्याची वाट बघितली तो हिशोब एका रात्रीत, रद्दीच्या काट्यावर. तेव्हा कुणाच्या लेखी आकड्यासाठी थांबू नका. दोन नमुने उचलून आणा आणि स्वतः तोला.

इंजिनिअर म्हणाले, स्लेट हवी तर वासे बदला. दादा गप्प झाला. खरं सांगायचं तर मला आतून बरंच वाटलं. अंगणात नारळ आहे. झावळी पडली की चार कौलं फुटतात, मामा शिडी लावून फुटकी काढतात, नवी सरकवतात, चहा पिऊन जातात. स्लेट खिळ्यांनी ठोकलेली, खिळे वरच्या पाटीखाली लपलेले. एक बदलायची तर खास अवजार आणि ते चालवणारा माणूस हवा. पुण्यात मला तरी तो सापडला नाही.

तरीही कुणाला स्लेटच करायची असेल, तर पाटी निम्मी पाण्यात उभी करून रात्रभर ठेवा. ओल वर चढली तर परत करा. बोटाने वाजवा, टणटणीत वाजली पाहिजे, बद्द नको. वाजवून बघणं कौलांनाही लागू. खिळे तांब्याचे घ्या, लोखंडी खिळा पाटीच्या आधी गंजून जातो.

जुनी कौलं उतरवताना एक गंमत झाली. पाठीवर बासेल मिशनचा छाप आणि १८६५. दादा म्हणाला, घर दीडशे वर्षांचं! ते साल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाला त्याचं, कौलाचं नाही. धड निघालेली कौलं ब्रशने घासून मागच्या पाखीवर, म्हणजे मागच्या उतारावर, परत चढवली.

हो, हे राहिलंच: नवी कौलं एकाच छापाची घ्या आणि पन्नासएक जास्तीची आणून ठेवा. दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, आणि फट राहिली की पाणी आलंच. आमची जिन्याखाली आहेत. उभी रचा, आडवी थप्पी लावली की खालची तडकतात. आमची सात गेली.