अकरा वेळा ‘मग?’

मंगळवार, रात्री पावणेबारा

गाईड मॅडमनी माझ्या प्रबंधावर लाल पेन चालवला असता तर परवडलं असतं. लाल पेनाची सवय आहे. ही पेन्सिल, तीही फिकट, आणि समासात एवढंच: ‘मग?’

पान १४ वर एकदा. १५ वर दोनदा. २२ वर आख्ख्या परिच्छेदाला उभी रेघ आणि शेजारी परत तेच. एसटीत बसल्या बसल्या मोजले. अकरा.

चार रविवार सांगलीजवळच्या हरिपूरला घालवले मी. सुट्टीच्या दिवशी लोक संगमावर फिरायला येतात, मी वही घेऊन पेवांच्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांच्या मागे. एका काकांनी सांगितलं की पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही. तोंड मोकळं ठेवून काही तास थांबायचं, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मगच माणूस खाली. किती जीव लावून लिहिलं होतं ते. त्याच्या शेजारी काय? ‘मग?’

मग काय, मॅडम! माणूस गुदमरतो, मग काय!

वैशूचा प्रबंध बाइंडिंगला गेलासुद्धा. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. तिने मात्र... जाऊ दे.

साम्य-तपासणीत माझे सात टक्के आले होते. दहाच्या आत असलं की कुणी काही विचारत नाही, २०१८ पासून नियमच आहे तसा. त्या सात टक्क्यांवर मी दोन दिवस हवेत होते. आता वाटतंय, हे मी कुणाचं उचललेलं नाही एवढंच त्यातून कळतं. मला काय म्हणायचंय ते कुठं कळतं?

निघताना मॅडम म्हणाल्या होत्या, प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य एका कोऱ्या कागदावर उतरवून काढ, आणि सलग वाच. तेवढ्यावरून गोष्ट कळली तर प्रबंध उभा आहे. मी ‘हो मॅडम’ म्हणाले आणि मनात म्हणाले, हे कुणी करत असेल का.

जेवणानंतर केलं.

हळद हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे पीक आहे. सांगली हे कृष्णाकाठी वसलेले शहर आहे. हरिपूर येथे कृष्णा व वारणा या नद्यांचा संगम होतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला. (आयर्विन पूल! हळदीच्या प्रबंधात! पुराची पातळी तिथं मोजतात म्हणून आणला असणार, पण पुराचं नाव पुढच्या चार पानांत नाही.) सगळं खरं, एकही वाक्य चूक नाही. आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. स्टँडवर उभं राहून पाहुण्याला गाव दाखवल्यासारखं.

मी स्वतःच म्हटलं, मग?

खरा प्रश्न सापडला पान ३१ वर, तोही एका परिच्छेदाच्या शेपटाला. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, बरीच निकामी झाली. ती पुन्हा का भरली गेली नाहीत? याच्यासाठीच तर गेले होते की मी हरिपूरला. तीस पानं वाचणाऱ्याला दारात उभं केलं आणि चहा विचारायला शेवटी आठवलं. पद्धतीच्या प्रकरणात ‘काही शेतकरी व व्यापाऱ्यांशी चर्चा केली’ असं लिहिलंय. काही म्हणजे नऊ. वहीत नऊच्या नऊ तारखा आहेत. तिथं ‘काही’ लिहिताना मला काय झालं होतं कुणास ठाऊक. ‘काही’ म्हटलं की जास्त वाटतात बहुतेक.

आणि सारांश मी ऑगस्टमध्येच लिहून ठेवला होता. हातात एक मुलाखत नव्हती तेव्हा. किती डौलदार आहे तो!

मगाशी आई पप्पांना सांगत होती, ‘वरच्या काकूंनी गच्चीला कुलूप घातलं.’ मग कधी, मग कशावरून, मग कोण काय म्हणालं, आणि शेवटी आपण पापड कुठं वाळवायचे. एकदाही पप्पांना ‘मग?’ म्हणावं लागलं नाही. मी ताटावर बसून हे ऐकत होते आणि मला हसूच आलं. आईने कुठं घेतला होता संशोधन पद्धतीचा पेपर.

मी बापूंवर लिहिलेल्या पानावर मात्र एकही ‘मग?’ नाही. नुसता एक बाण आणि ‘परिशिष्ट २’. म्हणजे परिच्छेद चांगला आहे, जागा चुकलीय. बरोबरच आहे मॅडमचं. तरी बापू परिशिष्टात...

ते नंतर बघू.

पान ३१ चं वाक्य उचलून पान १ वर आणलंय. आयर्विन पूल काढला, मग परत घातला, पण आता पुराच्या शेजारी. सारांश पुसून टाकला, तो सगळ्यात शेवटी. ‘काही’च्या जागी ‘नऊ’. अकरापैकी चार ‘मग?’ खोडरबरने पुसले, पाचवा पुसताना कागदच फाटला. मॅडमना काय सांगू, भडंग सांडलं म्हणू?

बापूंचं पान टेबलावर पालथं घातलंय. पंख्याने उडू नये म्हणून त्यावर डबा.