एकट्याच आलात?

कॅम्परव्हॅनची, म्हणजे आत पलंग-ओटा असलेल्या गाडीची, किल्ली देणाऱ्या मुलाने कागदावर माझी सही घेतली, माझ्या मागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "सोबत आणखी कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम मऊ झाला. शाळेत खेळाच्या तासाला कोणी पडलं की आम्ही शिक्षिका ज्या आवाजात बोलायचो, तोच आवाज. पुढच्या चौदा दिवसांत न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मी तो पेट्रोल पंपावर ऐकला, कॅम्पच्या स्वयंपाकघरात ऐकला, एका भारतीय कुटुंबाकडून तर दोनदा ऐकला. "एकट्याच आलात?" आणि मग ती कणव.

मला त्याचा राग येतो, आणि तो इथे लिहून टाकायचा आहे. मी ६७ वर्षांची आहे. हे घरी आहेत, ठणठणीत आहेत. त्यांच्या कमरेला लांबचा प्रवास सोसत नाही, आणि त्याहून खरं म्हणजे त्यांना प्रवासाची आवडच नाही. मला आहे. ३५ वर्षं माझा दिवस घंटेवर चालला, आणि सुट्टीतले प्रवास सगळ्यांच्या भुकेवर, झोपेवर आणि बाथरूमवर. कॅम्परव्हॅन एकटीने घ्यायची ही माझी कित्येक वर्षांची इच्छा होती. नाइलाज नव्हता.

क्राइस्टचर्चहून निघाले तेव्हा एप्रिल संपत आला होता, म्हणजे तिकडचा शरद ऋतू. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे ती भीती नव्हती. भीती होती ती एकपदरी पुलांची. पुलाआधीच्या पाटीवर आपल्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. पहिल्या दोन पुलांवर बाण मोठा असूनही मी थांबून राहिले. चढावर मागे गाड्या साचल्या की डावीकडे जागा बघून बाजूला व्हायचे. घाई त्यांना होती, मला नव्हती.

टेकापोला १९३५ सालचं छोटं दगडी चर्च आहे, तलावाच्या अगदी काठावर. तिथे इतकी माणसं ट्रायपॉड लावून उभी होती की दहा मिनिटांत मी परत गाडीत बसले. मग पुकाकी तलाव. हिमनदी खडक दळते, ते पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि पाण्याला तो दुधाळ निळा रंग येतो. इतकी वर्षं वर्गात नकाशावर निळे तलाव रंगवून घेतले, पण असा निळा खडू माझ्याकडे कधीच नव्हता. तिथून रस्ता तलावाच्या काठाने साधारण ५५ किलोमीटर जातो आणि आओराकी माउंट कुक गावात संपतो. गावाच्या थोडं पुढे व्हाइट हॉर्स हिल नावाचा कॅम्प आहे. वीज नाही, तीन बाजूंना डोंगर. एक रात्र राहायचं ठरवलं होतं.

गाडी लावली, हीटर लावला, पलंग उघडला. तेवढ्यात दारावर टकटक झाली. शेजारच्या जुन्या व्हॅनमधल्या बाई होत्या. ऐंशीच्या आसपासच्या, लोकरी टोपी, हातात पिवळ्या प्लास्टिकच्या दोन पाचरी. मी मनातल्या मनात उत्तर तयार ठेवलं: हो, एकटीच. पण त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाल्या, "गाडी पुढे कललेली दिसतेय. डोकं कुठल्या बाजूला करून झोपणार?"

डोकं पुढच्याच बाजूला येणार होतं. रात्रभर पाय वर आणि डोकं खाली. मग अंधार पडता पडता आम्ही दोघींनी पुढच्या चाकांखाली पाचरी बसवल्या. मी इंच इंच गाडी पुढे घ्यायची, त्यांनी हात वर केला की थांबायचं. गाडी सपाट झाली हे पाहायला त्यांनी माझ्याच ओट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवला आणि वाकून पाण्याची रेघ पाहिली. जाताना आणखी दोन गोष्टी सांगितल्या. कितीही थंडी असली तरी छताची खिडकी बोटभर उघडी ठेव, नाहीतर एका माणसाच्या श्वासानेसुद्धा सकाळी काचांवरून पाणी ओघळतं. आणि झोपण्याआधी शेकाची पिशवी भरून ठेव, हीटरवर विसंबून राहू नको.

त्या स्वतः एकट्याच होत्या. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण मीही विचारलं नव्हतं.

रात्री दोन वाजता जाग आली. या वयात ती येतेच. मला तर कॅम्परव्हॅनचं सगळ्यात मोठं सुख हेच वाटतं, आणि बायका ते उघडपणे बोलत नाहीत म्हणून मी बोलते: शौचालय पलंगापासून चार पावलांवर असतं. अनोळखी हॉटेलचा अंधारा बोळ नाही, कोणाची झोप मोडेल ही धास्ती नाही. तिथल्या कायद्यानुसार ठरलेल्या कॅम्पबाहेर बऱ्याच जागी मुक्काम करायचा तर गाडी 'सेल्फ-कंटेन्ड' लागते, म्हणजे पक्कं बसवलेलं शौचालय आणि तीन दिवसांचं पाणी व सांडपाणी गाडीतच सामावण्याची सोय. कॅसेट, म्हणजे शौचालयाची टाकी, आपल्या हाताने डम्प स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी ओतायच्या ठरलेल्या जागी, रिकामी करावी लागते. पहिल्यांदा मला मळमळलं. तिसऱ्यांदा काहीच वाटलं नाही.

पुन्हा आडवी झाले आणि एक आवाज आला. आधी वाटलं ट्रक. पण रस्ता तर तिथेच संपतो. मग तो वाढला, घुमला, दरीभर पसरला आणि विरला. समोरच्या माउंट सेफ्टनवरून बर्फ कोसळत होता. काळोखात दिसत काहीच नव्हतं. छातीत धडधडत होतं आणि मी उठून बसले होते. सोबत कोणी असतं तर पहिलं वाक्य माझ्या तोंडून आलं असतं, "घाबरू नका, काही नाही." आयुष्यभर मी ते वाक्य बोलत आले आहे. त्या रात्री ते कोणासाठी बोलायचं नव्हतं. मी नुसती ऐकत बसले. पहाटेपर्यंत आणखी दोनदा बर्फ कोसळला.

सकाळी आणखी एका रात्रीचे पैसे भरले.

त्या दिवशी केआ पॉइंटपर्यंत चालले. जाऊन-येऊन एक तास लागतो असं पाटी सांगते, मला अडीच लागले, कारण मी तिथल्या बाकावर बसून राहिले. सीली टार्न्सकडे जाणाऱ्या २२०० पायऱ्यांकडे फक्त पाहिलं. माझे गुडघे त्यासाठी नाहीत हे मला ठाऊक आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट तेव्हा वाटलं असतं, जेव्हा सगळे चढून गेले असते आणि मी खाली पिशव्या सांभाळत बसले असते.

दुपारी गावातल्या माहिती केंद्रात फ्रेडा डू फॉरची गोष्ट वाचली. सिडनीची ही तरुणी ३ डिसेंबर १९१० रोजी आओराकीच्या, म्हणजे माउंट कुकच्या, शिखरावर पोचली. हा डोंगर चढलेली ती पहिली स्त्री. पण त्याआधी ती एकट्या पुरुष गाइडबरोबर डोंगरावर रात्र काढणार म्हणून लोकांनी तिला तुझं नाव खराब होईल असं बजावलं होतं, आणि सोबतीला आणखी एक माणूस घ्यायला लावला होता. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. मला त्या किल्ली देणाऱ्या मुलाचा मऊ आवाज आठवला आणि मी तो फलक पुन्हा पहिल्यापासून वाचला. शिखराची उंची आज ३७२४ मीटर मानतात. १९९१ मध्ये माथ्याचा एक मोठा तुकडा कोसळला आणि डोंगर बुटका झाला.

तिसरी रात्रही तिथेच काढली, आणि त्या रात्री हीटर बंद पडला. चूक माझी. मागची बॅटरी इंजिन चालू असताना भरते आणि थोडी छतावरच्या सोलर पॅनेलवर. मी दोन दिवस गाडी हलवलीच नव्हती, आणि त्या दरीत शरदातलं ऊन लवकर डोंगराआड जातं. बॅटरी उतरली की डिझेल हीटर पेटतच नाही. गॅसची शेगडी लावून गाडी गरम करायचा मोह झाला, पण बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो, म्हणून तो आवरला. खिडकी उघडून फक्त पाणी तापवलं, शेकाची पिशवी भरली, दोन स्वेटर चढवले आणि पांघरुणात शिरले. पायांशी ती पिशवी सकाळपर्यंत कोमट होती. शेजारच्या बाई आदल्या दिवशीच निघून गेल्या होत्या. पाचरी मात्र चाकांखाली ठेवून गेल्या होत्या, आणि वायपरखाली चिठ्ठी होती की कॅम्पमध्ये पुढे ज्या कोणाची गाडी कललेली दिसेल त्याला दे.

त्याआधी संध्याकाळी ह्यांचा फोन आला होता.

"आज काय पाहिलंस?"

"डोंगर."

"कालचाच?"

"हो, कालचाच."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मग मनासारखा बघून घे. इथे माझं काही अडत नाहीये."

४२ वर्षांच्या संसारात मला इतकं मोकळं करणारं वाक्य त्यांनी दुसरं बोललेलं आठवत नाही. मी "अहो" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

उरलेले दिवस भराभर गेले. लिंडिस खिंडीत पिवळं गवत, हास्टच्या बाजूला पाऊस आणि सँडफ्लाय, ज्यांच्या चाव्यांची खाज अजून घोट्यांवर आहे. वानाकाजवळ एका कॅम्पमध्ये एका तरुण जोडप्याची गाडी मागे कललेली दिसली. पिवळ्या पाचरी त्यांना दिल्या. त्या मुलीने विचारलंच, "तुम्ही एकट्याच?" मी म्हटलं, "हो. आणि गाडी आणखी चार इंच मागे घ्या."

मिलफर्ड साउंड राहिलं. यादीतल्या आणखी पाच जागाही राहिल्या. मुलगा म्हणतो, "आई, एवढ्या लांब जाऊन तीन दिवस एकाच जागी बसलीस?" पुढच्या वर्षीची गाडी मी मार्चची बघते आहे, तेव्हा दरीत ऊन जास्त वेळ असेल.