तांब्याच्या नळीखालचा बर्फ

१३ डिसेंबर २०२२, मंगळवार. त्या आठवड्यात आग्नेय इंग्लंडमध्ये बर्फ पडला होता आणि पारा शून्याच्या वर यायला तयार नव्हता. माझा फोन सकाळी सहापासून वाजत होता. मी मूळचा मिरजेचा, आयटीआय फिटर. गेली दहा वर्षं रेडिंग आणि स्लाव परिसरात, घर आणि पाणी तापवणाऱ्या गॅस बॉयलरची कामं करतो. अशा थंडीत दहातली आठ तक्रारी एकच असतात: बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला. धुरातल्या वाफेचं पाणी बाहेर सोडणारी प्लास्टिकची नळी भिंतीबाहेर गोठलेली असते. कोमट पाणी ओतायचं, नळीवर फोमचं वेष्टण घालायचं आणि पुढच्या घरी जायचं.

अकराच्या सुमारास एका तरुणाचा फोन आला. "दादा, तुम्ही मराठी आहात असं ग्रुपवर कळलं. आमचं हीटिंग परत बंद आहे. सात महिन्यांचं बाळ आहे, आई भारतातून आल्यात. पैसे आम्ही देतो, फक्त एकदा बघून जा."

"परत" हा शब्द माझ्या लक्षात राहिला. गोठलेली नळी एकदा नीट गुंडाळली की सहसा पुन्हा गोठत नाही. ज्याच्याकडे "परत" असतं, त्याचं दुखणं दुसरं असतं.

रेडिंगमध्ये जुन्या लाल विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा आहेत, त्यांतलंच एक घर. आत शिरलो तर तोंडातून वाफ निघत होती. आजी दोन स्वेटर आणि त्यावर शाल घेऊन बाळाला पोटाशी धरून बसल्या होत्या. कोपऱ्यात विजेचा छोटा पंखा-हीटर चालू होता. त्या हिवाळ्यात विजेचे दर इतके चढले होते, की सरकारने सर्वसाधारण घराचं वर्षाचं ऊर्जाबिल अडीच हजार पौंडांच्या आसपास राहील असा दर बांधून दिला होता. तरीही हीटर लावताना प्रत्येक जण मीटरकडे बघायचा.

बॉयलर स्वयंपाकघरात होता. प्रेशरचा, म्हणजे आतल्या पाण्याच्या दाबाचा, काटा ०.३ वर. थंड असताना तो १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. मी काही बोलायच्या आत त्या मुलाने फाइल उघडून समोर ठेवली. घर भाड्याचं होतं. घरमालकाच्या वतीने घर सांभाळणाऱ्या एजन्सीने नोव्हेंबरात तीनदा माणूस पाठवला होता. तिन्ही वेळा त्याने प्रेशर भरलं, रिसेट केलं आणि कागदावर लिहिलं, "भाडेकरूने चुकीच्या पद्धतीने वारंवार पाणी भरल्यामुळे बिघाड." पहिल्या दोन भेटींचे प्रत्येकी १२० पौंड, तिसरी रविवारची म्हणून २२८. एकूण ४६८ पौंड भाडेकरूंच्या नावावर. खाली एक ओळ: बॉयलर बदलावा लागला तर तो खर्चही डिपॉझिटमधून वळता केला जाईल.

"आम्ही खरंच काही चुकीचं केलं का?" तो विचारत होता. बायको दाराशी उभी होती, तिचा प्रश्न वेगळा. "दादा, भांडलो तर घर सोडायला लावतील का? पुढच्या घरासाठी यांचंच रेफरन्स लागतं."

ती भीती खोटी नव्हती. त्या काळात इंग्लंडमध्ये कलम २१ खाली घरमालक कारण न देता दोन महिन्यांची नोटीस देऊ शकत असे. व्हिसावर नव्याने आलेल्या जोडप्याला ४६८ पौंड भरून गप्प बसणं स्वस्त वाटतं. मी अशी कितीतरी घरं बघितली आहेत. आणि खरं सांगायचं तर, कामाच्या पहिल्या काही वर्षांत "प्रेशर कमी होते, भरून दिले" एवढंच लिहून मीही कितीतरी घरांतून बाहेर पडलो आहे. ते वाक्य पुढे कोणाच्या खिशात हात घालतं याचा विचार मी केला नव्हता.

मी तिला विचारलं, "पाणी किती वेळा भरता?"

तिने फ्रिजच्या बाजूला लटकवलेलं कालनिर्णय काढून आणलं. भारतातून येताना सासूबाईंनी आणलेलं. आपल्याकडे तारखेच्या चौकटीत दूध किती, सिलिंडर कधी लावला असं लिहितात, तसं तिने बॉयलरचं प्रेशर लिहिलं होतं. "सकाळी ०.४, भरलं." "०.५, भरलं." "आज दोनदा." नोव्हेंबरच्या पानावर तेवीस चौकटी भरलेल्या. एकादशीच्या चौकटीतसुद्धा, बारीक अक्षरात, "०.३".

त्या पानाने मला जे सांगितलं ते तीन बिलांत कुठेच नव्हतं. रोज भरावं लागतं याचा अर्थ रोज कुठून तरी जातं. मी रेडिएटरचे सगळे सांधे हाताने चाचपले. कोरडे. छतावर डाग नाही, फरशीखाली ओल नाही. मग पाणी जातं कुठे?

मागच्या अंगणात गेलो. भिंतीतून १५ मिलिमीटरची तांब्याची नळी बाहेर येऊन पुन्हा भिंतीकडे वळवलेली असते, जेणेकरून गरम पाणी कोणाच्या अंगावर उडू नये. सुरक्षा-व्हॉल्वची नळी ती. एरवी ती हाडासारखी कोरडी असली पाहिजे. त्या नळीच्या तोंडापासून खाली विटांवर बर्फाचा जाड ओघळ उतरला होता, आणि जमिनीवर परातीएवढा बर्फाचा थर. थर मोजता येत होते, दिवसांवर दिवस. उन्हाळ्यात हेच पाणी वाळून गेलं असतं आणि कोणाला पत्ता लागला नसता.

मी पटापट फोटो काढले, शेजारी मोजपट्टी धरून. दुपारी ऊन आलं असतं तर पुरावा वितळला असता.

आत येऊन त्या दोघांना बॉयलरसमोर उभं केलं. प्रेशर १.२ वर आणलं, हीटिंग चालू केलं आणि म्हटलं, काट्याकडे बघत राहा. पाणी तापलं की फुगतं. साधारण शंभर लिटरमागे तीन लिटर. त्या वाढीव पाण्याला जागा मिळावी म्हणून बॉयलरमध्ये एक चपटा डबा असतो, त्याला एक्स्पान्शन व्हेसल म्हणतात. मधे रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. पडदा शाबूत असेल तर काटा दीड-दोनपर्यंत जाऊन थांबतो. आमच्या डोळ्यांदेखत तो दोन झाला, अडीच झाला, दहा मिनिटांत तीनला टेकला. त्याच क्षणी बाहेर नळीतून पाणी गळायचा आवाज आला. तीन बारला सुरक्षा-व्हॉल्व उघडतो. त्याचं कामच ते. मग बॉयलर थंड झाला की आत पाणी कमी, प्रेशर खाली, बॉयलर बंद. माणूस पुन्हा भरतो. पुन्हा तेच.

शेवटची खात्री बाकी होती. त्या डब्याला हवा भरायला गाडीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व असतो. टोपी काढून आतली पिन दाबली की हवा सुटली पाहिजे. मी दाबली. काळपट पाणी उडून माझ्या मनगटावर आलं. पडदा फाटला होता. रबर वयाने फाटतं. त्याला भाडेकरूचा हात लागत नाही; लागूच शकत नाही, तो डबा आवरणाच्या आत असतो.

मुलाने फाइलमधून आणखी एक कागद काढला. "पण दादा, वार्षिक तपासणी झाली आहे. हे बघा, सगळं ठीक म्हणून सही आहे." ही गल्लत इथे घरोघरी होते, म्हणून सांगतो. घरमालकाने दर बारा महिन्यांनी गॅसची सुरक्षा-तपासणी करून घ्यायची आणि तिचा दाखला भाडेकरूला द्यायचा, हे १९९८च्या गॅस नियमांनुसार बंधनकारक आहे. तिच्यात धूर नीट बाहेर जातो का, ज्योत बरोबर आहे का, सुरक्षेची साधनं चालतात का हे बघतात. बॉयलरची सर्व्हिसिंग ही वेगळी गोष्ट. सुरक्षेचा दाखला असलेल्या बॉयलरमध्ये फाटलेलं व्हेसल असू शकतं. या घरात दाखले ओळीने होते. सर्व्हिसिंगच्या वहीत बॉयलर बसवल्यानंतर एकही नोंद नव्हती.

मी एजन्सीला फोन लावला. बॉयलर घरमालकाचा, त्याच्या परवानगीशिवाय दुरुस्तीला हात लावणं मला पटत नाही. पलीकडच्या माणसाला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "आत्ता प्रेशर भरून दे, कागदावर वापरकर्त्याची चूक लिही. भेटीचे पैसे आम्ही देतो. पुढेही कामं देऊ."

मी नाही म्हटलं. फार धीराने म्हटलं असं नाही. डिसेंबरात एका एजन्सीची नियमित कामं म्हणजे काय, हे माझ्या घरच्यांना विचारा. पण मनगट अजून ओलं होतं.

तो म्हणाला, रोज पाणी भरल्यामुळेच व्हेसल बिघडलं. मी म्हटलं, रोज भरावं का लागलं ते सांगा.

इथला कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचं कलम ११ सांगतं, की अशा भाड्याच्या घरात खोल्या तापवण्याची आणि पाणी तापवण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं हे घरमालकाचं काम. करारात काहीही लिहिलं तरी ते भाडेकरूवर ढकलता येत नाही. भाडेकरूने घर नीट वापरायचं, एवढीच अट. नीट म्हणजे काय, यावर लॉर्ड डेनिंग या न्यायाधीशांनी १९५३ साली लिहिलं आहे: हिवाळ्यात गावाला जाताना पाणी बंद करावं, तुंबलेलं सिंक मोकळं करावं, अशी घरातली छोटी कामं. काटा खाली आला की पाणी भरणं याच जातीचं काम, आणि ही मुलगी ते तारखेवार करत होती.

मी त्यांना म्हटलं, घरमालकाचा नंबर करारात असेल तर लावा. करारात पत्ता होता, आणि एका जुन्या ईमेलमध्ये नंबर सापडला. घरमालकीण निवृत्त बाई, दूर दुसऱ्या गावात राहणाऱ्या. मला वाटलं होतं, त्याही तेच बोलतील. त्या आधी गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "मला सांगितलं, की भाडेकरू बॉयलरशी खेळतात. घरात बाळ आहे हे मला कोणी सांगितलं नाही." त्यांनी व्हिडिओ कॉलवर तो बर्फ बघितला, काळं पाणी बघितलं आणि म्हणाल्या, आजच करा.

आतलं व्हेसल बदलायला बॉयलर उतरवावा लागला असता, म्हणून बाहेरून नवीन व्हेसल जोडलं आणि गळका सुरक्षा-व्हॉल्व बदलला. सामान आणायला दोन फेऱ्या झाल्या. बिल ३४० पौंड, घरमालकिणीच्या नावाने. सहाच्या सुमारास रेडिएटर गरम झाले, काटा १.७ वर थांबला. आजींनी बाळाचे हात रेडिएटरजवळ धरले आणि मला बळेबळे भाकरी आणि पिठलं खायला बसवलं. मी निघेपर्यंत सुनेने त्या दिवसाच्या चौकटीत लिहून टाकलं होतं, "१.७. दादा आले."

रात्री मी अहवाल लिहिला. आधी कारण, मग त्याचा पुरावा, मग उपाय. कोणाची चूक यावर एक शब्दही नाही. कारण नीट लिहिलं की तो शब्द लागत नाही.

फेब्रुवारीत त्या दोघांनी आपणहून मोठं घर घेतलं. डिपॉझिट १,५५७ पौंड होतं. एजन्सीने त्यातून ४६८ कापायचं पत्र पाठवलंच. दोघांनी मान्य केलं नाही. इथे डिपॉझिट सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं आणि वाद झाला तर तिथला पंच फुकट निवाडा देतो. तो घर बघायला येत नाही, साक्षी घेत नाही. जे कागद समोर येतील त्यावरच ठरवतो. पैसा भाडेकरूचा धरला जातो, कापायचा हक्क घरमालकाच्या बाजूला सिद्ध करावा लागतो. यांनी पाठवलं: माझा अहवाल, बर्फाचे फोटो, आणि कालनिर्णयाच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या पानांचे फोटो, शेजारी आकड्यांचं इंग्रजी भाषांतर. मार्चमध्ये निवाडा आला. पूर्ण रक्कम परत.

एप्रिलमध्ये घरमालकिणीचा फोन आला. रेडिंगमध्ये त्यांचं आणखी एक घर होतं, तीच एजन्सी, त्याच वर्षी बसवलेला तसलाच बॉयलर. एकदा बघून याल का? गेलो. पोलंडचं एक कुटुंब होतं, नवरा रात्रपाळी करून झोपलेला, बाई हळू आवाजात बोलत होती. मी व्हेसलची टोपी काढून पिन दाबली आणि पाणी आलं. रोज पाणी भरता का, असं विचारल्यावर तिने मान हलवली. दोन वर्षं. मग तिने ड्रॉवरमधून बिलांचा गठ्ठा काढला, त्यावर प्रत्येकावर पैसे भरल्याचा शिक्का.

मी ती बिलं ओट्यावर एकेक करून मांडली आणि घरमालकिणीला व्हिडिओ कॉल लावला.