अमेरिकन म्हणून आलेला शक्तिमान

"मिस्त्री, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन गाडी मिळालीय. डिझेल आहे," असं अण्णा फोनवर म्हणाले आणि तिथेच मला शंका आली. महायुद्धातले अमेरिकन फौजी ट्रक जवळजवळ सगळे पेट्रोलवर चालायचे. युद्ध संपल्यावर आपल्याकडे जे डॉज, जीएमसी कंपन्यांचे ट्रक मागे राहिले, त्यांच्यात पुढे लोकांनी पर्किन्सची डिझेल इंजिनं बसवली हेही खरं. म्हणजे नुसत्या डिझेलवरून हो किंवा नाही काहीच म्हणता येत नाही. गाडी बघणं भाग होतं.

ट्रक अण्णांच्या आंब्याच्या बागेच्या कडेला उभा होता. लांब नाकाचा, सहाऐवजी चार चाकांच्या बैठकीचा, पुढच्या एक्सललाही डिफरन्शियल, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारा. वरून निळा रंग. हौद्याच्या सांध्यांत खडीची चुरी घट्ट बसलेली, म्हणजे मधे कधीतरी क्वारीवर राबलेला. अण्णांनी तो ज्याच्याकडून घेतला त्याने दुसऱ्याकडून, दुसऱ्याने तिसऱ्याकडून आणि तिसऱ्याने म्हणे लष्करी लिलावातून. अशा गाड्यांचं हे नेहमीचंच. दर हातबदलीला वय वाढतं आणि देश बदलतो. ‘रशियन रणगाड्याचं इंजिन’ म्हणून माझ्याकडे आलेल्या एका गाडीत साधं टाटाचं इंजिन निघालं होतं.

पोऱ्याला म्हटलं, आधी पाने काढ. बोल्टच्या डोक्याइतकं खरं कुणी बोलत नाही. अमेरिकन गाडी इंचाच्या मापाची, जर्मन घराण्यातली मिलिमीटरची. पण इथे एकोणीसचा पाना लावून काही कळत नाही, कारण पाऊण इंच म्हणजेही जवळपास एकोणीस मिलिमीटरच, दोन्हीकडे बसतो. सतराचा लावायचा. त्याच्या शेजारचं इंचाचं माप म्हणजे अकरा सोळांश, ते साडेसतराच्या आसपास येतं. तिथे सतराचा पाना शिरतच नाही. आणि बंपरचे बोल्ट तपासू नयेत, ते प्रत्येक मालक बदलतो. मी खाली सरकून चासीच्या आडव्या पट्ट्यांचे, म्हणजे क्रॉस मेंबरचे, कारखान्यातून आल्यापासून न हललेले वाटणारे बोल्ट वायर ब्रशने घासले. सतराचा पाना चपखल बसला. शेजारच्या बोल्टवरही तेच. अमेरिकेचा विषय तिथे संपला. अण्णांचा चेहरा मात्र उतरला.

मिलिमीटरचे बोल्ट म्हटल्यावर आपल्या फौजेतले तीन उमेदवार उरतात. निस्सानचा एक टनी कॅरियर, पण तो पेट्रोलचा आणि आकाराने लहान. टाटाचा फोर बाय फोर. आणि शक्तिमान.

शक्तिमान म्हणजे पश्चिम जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनलेला तीन टनी ट्रक. १९५९ मध्ये तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीत त्याचं उत्पादन सुरू झालं आणि पुढे ते खास त्यासाठी उभारलेल्या व्हेइकल फॅक्टरीकडे गेलं. नव्वदच्या दशकात अशोक लेलँडचे स्टॅलियन आणि टाटाच्या नव्या गाड्या आल्या आणि शक्तिमान हळूहळू निवृत्त झाले. आता जे दिसतात ते असेच कुणाच्या तरी बांधावर.

माझी खात्री झाली ती रंगावरून. अशा वेळी ग्राइंडर लावायचा मोह होतो. लावला की रंगाबरोबर पुरावाही जातो. थिनरचा बोळा आणि पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन पुढच्या बंपरवर बसलो. निळ्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली प्रायमर, त्याखाली फौजी हिरवा. आणखी हलक्या हाताने घासल्यावर पांढरट टोक दिसू लागलं. वर तोंड केलेला बाण. फौजी गाडीच्या नंबरात हा बाण आधी येतो. सरकारी मालाची ही ब्रिटिशांच्या काळापासूनची खूण. बाणानंतरचे दोन आकडे वर्षाचे. इथे सात स्पष्ट होता, त्यापुढचा आठ की शून्य यावर आमचं एकमत होईना. पण गाडी सत्तरच्या दशकातली एवढं नक्की. केबिनमधल्या रिव्हेट मारलेल्या पट्टीवरचा रंग उतरवला तेव्हा ‘व्हेइकल फॅक्टरी’ आणि जबलपूर वाचता आलं. ती फॅक्टरी १९६९ ची, म्हणजे हाही हिशेब जुळला.

राहिलं इंजिन. गाडी शक्तिमान असली तरी आतलं इंजिन शक्तिमानचं असेलच असं नाही. ब्लॉकवरची माती खरवडल्यावर डी ००२६ हा मानचा नंबर दिसला. हेड तसंही उतरवायचंच होतं, गास्केटमधून पाणी गेलेलं. उतरवल्यावर पिस्टनच्या माथ्यात खोल गोल वाटी दिसली. मानची एम पद्धत म्हणतात ती हीच. डिझेलचा मोठा भाग हवेत न उडता वाटीच्या भिंतीवर पातळ थराने पसरतो आणि तिथून वाफ होत जळतो. त्यामुळे इंजिनाचा ठोका इतर डिझेलपेक्षा मऊ लागतो. अण्णांना वाटी दाखवली. "मग ही भंगार नाही म्हणायची," म्हणाले. मी म्हटलं, भंगार असणं-नसणं लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, बघून ठरेल.

लायनर गंजले होते, पण पिस्टन त्यांत चिकटले नव्हते. सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल सोडून ठेवलं आणि क्रँकला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे असं हलवत राहिलो. स्टार्टरने जोर लावायचा नाही, रिंगा तुटतात. लायनर आतून घासून (होन करून) घेतले, रिंगा नव्या टाकल्या, गास्केट बदललं. बॅटरी जोडायच्या आधी स्टार्टरच्या पट्टीवरचे व्होल्ट वाचून घेतले.

वर्षानुवर्षं बंद असलेलं डिझेल इंजिन पहिल्यांदा सुरू करताना माझी एक अट असते: डिझेल पंपाचं झाकण उघडून रॅक, म्हणजे डिझेल किती जायचं ते ठरवणारी पट्टी, बोटाने हलवून बघितल्याशिवाय चावी नाही. जुन्या डिझेलचा चीक धरून रॅक पूर्ण सप्लायच्या जागी अडकला असेल, तर इंजिन सुरू होताच पळत सुटतं आणि चावी काढून थांबत नाही. इथे रॅक खरोखरच अडकला होता. पंप टेस्टिंगच्या टेबलवर पाठवून साफ करून आणला. तरीही सुरू करताना पोऱ्याला हवेच्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभं केलं. हवा बंद केली की डिझेल थांबतं. फळीची गरज पडली नाही. डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली, तिसऱ्या-चौथ्या झटक्याला धूर आला, मग एकेक सिलिंडर लागत गेला.

अण्णांना ट्रक हवा होता तो रस्त्यावर भाड्याने लावायला. इथे त्यांना स्पष्ट सांगावं लागलं. लष्कराने काढलेली गाडी आरटीओत नोंदवायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ४७ प्रमाणे संबंधित अधिकाऱ्यांचं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. अण्णांकडे होती लिलावातल्या एका पावतीची झेरॉक्स, तीही तिसऱ्याच माणसाच्या नावाची. त्यावर कुणी एजंट ‘करून देतो’ म्हणाला तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं. तेव्हा गाडी बागेच्या हद्दीतच राहणार. आणि बागेला खरी गरज होती पाण्याची. वरच्या उतारावरच्या कलमांना ट्रॅक्टरचा टँकर पोचत नव्हता.

मग टाकीवरून वाद. अण्णांना पाच हजार लिटरची हवी होती. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, गाडी तीन टनी, शिवाय टाकीचं स्वतःचं वजन. मी अडीच हजारावर अडून बसलो आणि आत आडवे पडदे घालून घेतले. अर्धी भरलेली टाकी उतारावर भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक. पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीला घेऊन जातं.

फॅब्रिकेटर टाकी सरळ चासीला वेल्ड करायला निघाला होता. त्याला थांबवलं. या गाडीची चासी खड्ड्यातून जाताना पिळते, ती पिळण्यासाठीच बनवलेली आहे. वर कडक टाकी जखडली की वेल्डच्या टोकाशी चासीला चीर जाते, नाहीतर टाकी फुटते. मागे यू-बोल्ट घट्ट आवळले, मधे लाकडी पट्टी घातली आणि पुढच्या दोन ठिकाणी स्प्रिंग देऊन टाकीला थोडी मोकळीक ठेवली. टायरवाल्याला मात्र मी हवा भरू दिली नाही, कारण त्याच्याकडे हवा भरताना चाक ज्यात ठेवतात तो लोखंडी पिंजरा नव्हता. टायर रिमवर धरून ठेवणारी लॉक रिंग गंजलेली असली की हवा भरताना ती उडू शकते आणि मग समोरच्याचं डोकं वाचत नाही. रिंगा नव्या घेतल्या, चाकं पिंजरा असलेल्या दुकानात पाठवली.

ड्रायव्हरला पुढचा एक्सल कधी जोडायचा ते दाखवलं: चढावर, ओल्या मातीत. आवारातल्या सिमेंटच्या रस्त्यावर आला की काढायचा, नाहीतर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ताण गिअरांवर येतो. पाऊस लागला की टाकी उतरवून जुना हौदा चढवायचा आणि शेणखत वाहायचं. यू-बोल्ट असल्यामुळे ते काम चेन-पुली लावून दोघांत होतं.