म्हण की, आम्ही थांबतो

शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली की आपण सगळे व्हरांड्यात ओळीनं बसायचो. कौलांवरून पागोळ्या गळत असायच्या, आणि आपल्या बेळगावजवळच्या खानापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, पायरी कोरडी म्हणून कधी नसायचीच. सगळे मिळून श्लोक म्हणायचे, मीही म्हणायचे. मग डबे उघडायचे. माझं झाकण मात्र मी पुरतं काढत नसे. अर्धं आड धरूनच खायचे.

डब्यात तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी असायची. बाबा वीटभट्टीवर कामाला होते. पाऊस लागला की कच्च्या विटा वाळत नाहीत, भट्टी बंद पडते. ते चार महिने आई-बाबा दोघंही लोकांच्या शेतात रोप लावायला जायचे, त्यावर घर चालायचं. पण झाकण आड धरण्याचं आणखी एक कारण होतं. वर्गात ख्रिस्ती मी एकटीच होते. घरी आम्ही डोळे मिटून प्रार्थना केल्याशिवाय घास घेत नसू. शाळेत मी झाकणामागे मान घालून ती कशीबशी उरकायचे. कुणी बघेल, विचारेल याची फार भीती वाटायची.

सातवीत एकदा वर्गबाई माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"घरी जेवायच्या आधी काय म्हणता गं तुम्ही?"

मी खाली बघत सांगितलं.

"मग म्हण की. आम्ही थांबतो."

सगळ्यांचे डबे उघडे, सगळ्यांना भूक लागलेली. मी उभी राहिले तेव्हा पाय लटपटत होते. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथवर आले आणि डोळे उघडले, तर समोर भाकरीच होती. लहानपणापासून पाठ असलेली ती ओळ मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. आईनं पहाटे चुलीपुढे बसून थापलेली, कडेला थोडी करपलेली भाकरी. ती मी लपवत होते. त्या दिवशी झाकण बाजूला ठेवून, सावकाश खाल्ली.

माझ्या बाकावरची मैत्रीण हातातला घास तसाच धरून बसली होती. दुसऱ्या दिवशीही ती थांबली. पुढे दहावीपर्यंत थांबतच राहिली, आणि मी कधी विसरले तर तीच कोपरानं ढोसायची, "अगं, तुझं राहिलं की."

घरी एकदा मी बाबांना विचारलं होतं, रोज रोज काय मागायचं, एकदम महिन्याचं मागू या की. बाबांनी बायबलमधल्या निर्गमच्या पुस्तकातली मान्न्याची, म्हणजे देवानं आकाशातून दिलेल्या अन्नाची, गोष्ट काढली. अरण्यात इस्राएल लोकांना सकाळी मान्ना मिळायचा तो त्या दिवसापुरता. ज्यांनी उद्यासाठी ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. "पावसात उरलेल्या भाकरीला बुरा येतो, तसंच," बाबा म्हणाले. "पोत्यात तांदूळ ठेवावा माणसानं. पण उद्याची भीती आज काढून बसू नये." घरात पोतं अर्ध्यावर आलं होतं तेव्हा ते हे बोलत होते. म्हणूनच मला ते पटलं.

१९८८ साली मी एस. एस. एल. सी., म्हणजे दहावी, झाले, मग नर्सिंगला गेले आणि बेळगावातच नोकरी धरली. मधल्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २०२१च्या एप्रिल-मेबद्दल मात्र सांगायला हवं. पीपीई किटमध्ये सहा-सहा तास पाणी पिता यायचं नाही. वॉर्डात माणसं डोळ्यांदेखत जात होती. येशूचा प्रेषित पौल, त्यानं थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना बायबलमधल्या पत्रात लिहिलं आहे, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." रविवारच्या उपासनेत कितीदा ऐकलेलं हे वचन तेव्हा घशाखाली उतरेना. त्या मरणांसाठी देवाचे आभार मानणं मला जमलं नाही, आजही जमणार नाही. मग एका रात्री लक्षात आलं, की पौलानं सर्व स्थिती*साठी* म्हटलेलं नाही, सर्व स्थिती*त* म्हटलंय. किट उतरवल्यावरचा पाण्याचा पहिला घोट. सोळा नंबरच्या आजींनी स्वतःच्या हातानं धरलेला चहाचा कप. पहाटे खिडकीतून आलेला ओल्या मातीचा वास. एवढ्यांसाठी मी मोठ्यानं, नाव घेऊन आभार मानायला लागले. पुढच्या पाळीला जायची भीती गेली नाही, पण दाराशी पाय अडखळायचे थांबले. महिन्याचं बळ मी मागतच नव्हते. त्या एका पाळीपुरतं मागायचे, आणि तेवढं मिळायचं.

बाई आता नाहीत. त्यांना हे सांगायचं राहूनच गेलं, म्हणून इथे लिहिते आहे.

शाळेच्या महोत्सवाच्या दिवशी दुपारी त्याच व्हरांड्यात पंगत आहे असं कळलं. मी येते आहे. घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि चटणी आणीन, ओळीला पुरतील एवढ्या. श्लोक झाला की क्षणभर घास हातातच धरा. माझं राहिलेलं असेल.